जिवंत माल आधी

सीमेवरचा नाका जुना होता तेव्हा तिथं एकच कायदा चालायचा, आणि तो कुठल्या पुस्तकात छापलेला नव्हता. ज्याच्या गाडीत श्वास घेणारं काही असेल त्याची गाडी पुढं. कोंबड्या, वासरं, रोपं, काही का असेना. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न मारायचा, बाकीच्यांनी शिव्या घालत का होईना पण बाजूला व्हायचं. रांगेचा नंबर म्हणून पत्र्याचा बिल्ला मिळायचा. पुढच्यानं आपला बिल्ला मागच्या जिवंत मालवाल्याच्या हातात द्यायचा, त्याचा आपण घ्यायचा. झालं काम. सिमेंट अर्धा दिवस उशिरा पोचलं म्हणून मरत नाही.

त्या कायद्याची माती लोकांनीच केली. व्यापार वाढला, गाड्या वाढल्या, पलीकडं फिरायला जाणाऱ्यांच्या बसगाड्या वाढल्या, रांग पार वळणाच्या मागं जायला लागली. आणि रांग लांबली की माणसाची अक्कल नको तिथं चालते. एकानं सळयांच्या ट्रकवर दोन कोंबड्या बांधल्या आणि हॉर्न ठोकत निघाला. मग त्याचं बघून दुसरा, दुसऱ्याचं बघून तिसरा. शेवटी तर कोंबडी भाड्यानं मिळायला लागली. पलीकडं गेलं की उतरवायची, येणाऱ्या गाडीतून परत आणायची, पुढच्याला द्यायची. त्यातल्या एका लाल कोंबडीनं जेवढ्या वेळा सीमा ओलांडली तेवढी कुठल्या मंत्र्यानंही ओलांडली नसेल.

मग नवा नाका झाला. काचेची इमारत, गार हवा, खांबाखांबावर कॅमेरे. फीत कापली, भाषणं झाली. नंबर आता फोनवर घ्यायचा. फोनवर एक चौकोनी ठिपक्याठिपक्यांची खूण येते, ती मशीनला दाखवली की दांडा वर. ना चिरीमिरी, ना ओळख, ना कोंबडी. खरं सांगायचं तर बहुतेकांचं भलंच झालं. ज्या कामाला दिवस जायचा ते चहा पिऊन होईपर्यंत व्हायला लागलं. उगीच कशाला खोटं बोला.

पण माशीमामाचं काय झालं ते ऐका.

माशीमामा म्हणजे मधमाश्या पाळणारा माणूस. बोटं जाडजूड, आवाज बैलगाडीच्या चाकासारखा, आणि चाळीस वर्षं डंख खाऊन कातडी अशी झालेली की माशीच बिचारी पस्तावायची. दरवर्षी अलीकडचा फुलोरा संपला की इथं माश्यांना खायला काही म्हणजे काही उरायचं नाही. पलीकडं नेमकी तेव्हाच सूर्यफुलं उमलायची. नजर जाईल तिथवर पिवळं. म्हणून मामा आणि मामी पेट्या ट्रकवर चढवून पलीकडं न्यायचे आणि फुलं सरली की परत यायचे. लग्न झाल्यापासून दोघांचं हेच. पोरीचं बारसंसुद्धा सूर्यफुलात झालेलं.

आता हे काम चहाची पेटी नेण्यासारखं नसतं. अंधार पडून माश्या घरी आल्या की पेटीच्या दाराला जाळी ठोकायची, गाडी भरायची आणि ऊन चढायच्या आत पलीकडं जाऊन दारं उघडायची. कारण बंद पेटीवर ऊन आलं की माश्या घाबरतात. घाबरल्या की पंख मारतात, पंख मारले की पेटी आणखी तापते, तापली की मेण मऊ पडतं. मग आतली पोळी कोसळतात आणि सगळं खटलं आपल्याच मधात बुडून मरतं. हे मामानं एकदाच बघितलं होतं, तरुणपणी, दुसऱ्या कुणाच्या गाडीत. त्या दिवशी तो जेवला नव्हता.

या वर्षी नंबर काढला जावयानं. पोरगा चांगला, पण त्याला माश्यांचं वावडं, लांबूनच सगळी मदत. तो म्हणाला, "मामा, सकाळचे नंबर संपलेत. दुपारचा आहे."

"दुपारी काय माझं श्राद्ध घालायचंय का रे? सांग ना त्यांना जिवंत माल आहे म्हणून."

"सांगायला माणूस नाहीये तिथं. यादी येते, त्यातलं निवडायचं. गाय-बैल आहे, शेळ्या आहेत, कोंबड्या, मासे, शोभेचे पक्षी. मधमाशी नाहीये."

"मग?"

"मग मी 'इतर' दाबलं."

"इतर?" मामा म्हणाला. "चाळीस वर्षं केलं ते इतर?"

तरी मामा निघाला. त्याचा हिशोब साधा होता. नाक्याच्या अलीकडं मोठाली झाडं आहेत, त्यांच्या सावलीत दुपारपर्यंत गाडी लावू, पेट्यांवर ओली पोती टाकू. शिवाय ओळखीचं कुणी ना कुणी भेटेलच रांगेत, बघून घेऊ. दिवस उजाडताना गाडी वळणावरून खाली उतरली आणि मामी म्हणाली, "अहो, झाडं कुठायत?"

झाडं नव्हती. रस्ता रुंद केला होता. जिथं सावली होती तिथं आता सहा गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहतील असं काँक्रीट, आणि त्यावर पांढरे पट्टे.

मामानं गाडी पट्ट्यांच्या कडेला लावली.

ऊन चढायला लागलं. मामीनं पोती भिजवून टाकली तर ती बघता बघता पापडासारखी कडक. मामा गाडीला कान लावून उभा राहिला. पेट्यांतून गुणगुण येत होती, अजून बरी, झोपलेल्या पोराच्या घोरण्यासारखी. तेवढ्यात मागून पाठीत एक दणका बसला.

"काय रे माशीवाल्या! अजून मेला नाहीस?"

लंबू होता. लंबू म्हणजे लोखंडी पाईप नेणारा ड्रायव्हर, स्वतःही पाईपसारखाच, केबिनमध्ये घडी घालून बसवल्यासारखा दिसायचा. दोघांची ओळख जुन्या रांगेतली. अख्ख्या नाक्यावर माश्यांना सगळ्यात जास्त कोण घाबरत असेल तर हा. मामाची गाडी मागं आली की आपली काच आधी वर घ्यायचा आणि मग आतून खाणाखुणा करून बोलायचा.

"लंब्या, माझा नंबर दुपारचा आहे रे," मामा म्हणाला.

लंबूनं एकदा आभाळाकडं बघितलं, एकदा पेट्यांकडं. पुढं त्याला सांगायला लागलं नाही. "माझा आत्ताचा आहे. पुढचा माझाच. घे."

"आता तसं चालतं का?"

"न चालायला काय झालं? तेव्हा बिल्ला द्यायचो, आता फोन द्यायचा. ही खूण दाखव, दांडा वर जातो. माझे पाईप काय उन्हानं रडणारेत? दे तुझा फोन, दुपारी मी येतो. आणि पलीकडं गेलास की तुझ्या त्या माश्यांना सांग, या लंबूला चावायचं नाही, जन्मभर."

"सांगते हो भाऊजी," मामी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

फोन बदलले. दोघांनाही वाटलं, काम झालं. चाळीस वर्षांची सवय, हात आपोआप पुढं गेले.

मामानं गाडी दांड्याशी नेली, लंबूचा फोन काचेला लावला. टिंग वाजलं. दांडा वर. गाडी आत गेली, मागं दांडा खाली आला आणि पुढचा काही वर जाईना. दोन दांड्यांच्या मध्ये गाडी उंदरासारखी अडकली. वरच्या कॅमेऱ्यानं गाडीची पाटी वाचली होती. फोन पाईपच्या गाडीचा आणि पाटी मामाची. खांबावरचा दिवा लाल झाला आणि कुठूनतरी एक बाई अगदी गोड आवाजात म्हणाली, "कृपया गाडीतच बसून राहा." जिवंत बाई नव्हे, मशीनमधली.

मग खरी माणसं आली. बाजूच्या मोकळ्या मैदानात गाडी लावायला लावली. तिथं नुसतं काँक्रीट, एक झाड नाही, एक पत्रा नाही. पेट्यांवरून टाकलेल्या जाळ्याला एकानं प्लॅस्टिकचं सील ठोकलं आणि गेला. मागोमाग लंबूचाही ट्रक आणून शेजारी लावला. त्याच्यावर तर आणखी मोठा ठपका. त्याचा फोन वापरून दुसरीच गाडी आत घुसली होती ना.

"मला काय माहीत तो कॅमेरा पाटीपण वाचतो म्हणून?" लंबू सगळ्यांना सांगत होता. "मी आपलं चांगलं करायला गेलो!"

मैदानाची जबाबदारी एका कस्टमच्या मॅडमकडं होती. वयानं मामाच्या पोरीएवढी, कपाळावर आठी, गळ्यात ओळखपत्र. मामा तिच्या खोलीत गेला. आत एवढं गार की त्याच्या अंगावरचा घाम थिजला.

"मॅडम, गाडीत माश्या आहेत. मधमाश्या. दारं बंद आहेत. ऊन डोक्यावर आलं तर मरतील सगळ्या."

"काका, बसा."

"बसायला वेळ नाही हो. एक तर सोडा, नाहीतर सावलीत लावू द्या. त्या तुमच्या पत्र्याखाली जागा आहे बघा."

"ती हिरव्या गाड्यांची जागा आहे. तुमची लाल आहे." तिनं संगणकाचा पडदा त्याच्याकडं फिरवला. मामाच्या गाडीचा फोटो होता आणि भोवती लाल चौकट. "हे मी नाही केलेलं. ही फाईल आता वरच्या ऑफिसात गेलीय. तिथं बसून ते फोटो बघतात, स्कॅन बघतात आणि सोडतात. मला इथून हात लावता येत नाही."

"मग फोन करा ना वर!"

"केलाय. दोनदा केलाय. रांगेत आहे म्हणतात."

"कुठल्या रांगेत? तिथंपण रांग?"

मॅडमनं पडदा परत आपल्याकडं फिरवला. मग हळू आवाजात म्हणाली, "काका, तुम्ही दुसऱ्याचा फोन का दाखवलात?"

पत्र्याच्या बिल्ल्याची गोष्ट मामा तिला कुठून सांगणार? "पूर्वी असंच करायचो," एवढंच म्हणाला. त्याला स्वतःलाच ते शाळेत कान धरून उभ्या राहिलेल्या पोरासारखं वाटलं.

तो परत आला तेव्हा आवाज बदलला होता.

लांबूनच कळलं त्याला. गुणगुण गेली होती. आता घरघर येत होती, सगळ्या पेट्यांची मिळून एक, दळणाच्या चक्कीसारखी, वर वर चढत जाणारी. लाख लाख माश्या आत एकदम पंख मारत होत्या. मामी पाण्याची बादली घेऊन पेट्यांवर ओंजळीनं पाणी मारत होती. संडासातून आणलेलं पाणी. तिथल्या नळाला हात लावला की पाणी येतं आणि हात काढला की बंद होतं, बादली भरायला जीव जात होता. लंबू आपल्या केबिनची काच वर घेऊन आत बसला होता आणि आतूनच ओरडत होता, "भरली की सांगा, दुसरी मी आणतो!" आणि खरंच आणायचा, लांब ठेवायचा आणि पळायचा.

मामानं उन्हाच्या बाजूच्या पेटीवर तळहात ठेवला. चटका बसला. जाळीला माश्यांची तोंडं चिकटली होती, एकावर एक, बाहेर पडायला धडपडणारी. त्यानं वाकून नाक लावलं. गरम मेणाचा वास.

तो धावत खोलीकडं गेला. परत आला. परत गेला. शिपायाच्या हातापाया पडला, शिपाई म्हणाला, मी कोण हो? काचेपलीकडं फिरायला निघालेली माणसं चाकांच्या बॅगा ओढत चालली होती, हिरव्या दिव्यातून, भराभर. एक बाई त्याच्याकडं बघून थबकली, मग पुढं गेली. तिला काय वाटलं असेल? म्हातारा भांडतोय.

"मॅडम, आता तरी!"

"मी तिसऱ्यांदा फोन केलाय काका. शपथ."

"मग मी दारं उघडतो. निदान श्वास तरी घेतील."

ती ताडकन उठली. "नाही. तसं करू नका. सील आहे त्या जाळ्यावर. सील तोडलं तर तुमचा परवाना कायमचा जाईल, तो मशीनचा नियम नाही, थेट कायदा आहे. आणि इथं एवढी माणसं आहेत. कुणाला चावल्या तर मी काय सांगू?"

मामा गाडीशी आला आणि पायरीवर बसला. परवाना गेला की सूर्यफुलं गेली. या वर्षाची नव्हे, सगळ्याच वर्षांची. आणि सील तसंच ठेवलं तर सूर्यफुलात न्यायला काही उरणार नव्हतं. आणखी एक गोष्ट होती, ती त्याला आणि मामीलाच माहीत. भर दिवसा दार उघडलं की माश्या बाहेर पडतात, आणि जिथून पडल्या ती जागा लक्षात ठेवतात. पाणी शोधत लांब जातात आणि नेमक्या त्याच जागी परत येतात. तेवढ्यात गाडी हलली तर बाहेर गेलेली माशी कायमची गेली. तिला पेटी सापडत नाही. ती तिथंच घिरट्या घालते आणि मरते.

"उघडा," मामी म्हणाली.

"अगं, गाडी हलवायला लागली तर—"

"ऐकू येत नाही का तुम्हाला?" ती ओरडली. आयुष्यात ती त्याच्यावर दोन-तीनदा ओरडली असेल. "त्या काय बोलतायत ते ऐकू येत नाही? उन्हाकडच्या पेटीतून मध गळतोय. बघा ना! बघा!"

गाडीच्या कडेवरून एक जाड, सोनेरी धार काँक्रीटवर उतरत होती. तिच्यात मेलेल्या माश्या होत्या.

मामानं खिशातला चाकू काढला. जाळं कापलं. सील टपकन खाली पडलं. एकामागून एक जाळ्या उपटत सुटला, नखं तुटली, कळलं नाही त्याला.

माश्या बाहेर आल्या त्या आधी उडाल्याच नाहीत. दारातून घळघळ वाहत आल्या आणि पेट्यांवर दाढीसारख्या लोंबल्या. नुसत्या श्वास घेत होत्या. मग काही उडाल्या, मग पुष्कळ. मैदान काळं झालं. माणसं किंचाळत काचेआड पळाली. लंबूच्या केबिनमधून देवाचा धावा ऐकू येत होता, त्यात मधूनमधून मामाच्या बापजाद्यांचा उद्धार. पण माश्या कुणाच्या अंगावर गेल्या नाहीत. त्यांना माणसाशी देणंघेणं नव्हतं, त्यांना पाणी पाहिजे होतं. आणि त्या अख्ख्या काचेच्या महालात उघडं पाणी होतं कुठं? इमारतीच्या मागं, गार हवेच्या मशीनच्या नळ्यांतून थेंब थेंब गळायचं तिथं. त्यांनी ते हुडकून काढलं. भिंतीवर माश्यांची जाड चादर चढली. एक थेंब पडायचा आणि तो जमिनीला लागायच्या आत कुणीतरी पिऊन टाकायचं. पाणी पोटात घ्यायचं, पेटीत नेऊन ओतायचं, पंख मारायचे, परत यायचं. घर जळतंय आणि सगळं गाव बादल्या घेऊन धावतंय, अगदी तसं.

मॅडम काचेपाशी उभी राहून ते बघत होती. नंतर ती दार उघडून बाहेर आली, एकटीच.

"कुठं चालल्यात त्या?"

"पाणी आणतायत," मामी म्हणाली. "पोरांसाठी. आत बाळं आहेत त्यांची."

घरघर उतरली. हळूहळू खाली आली. उन्हाकडच्या बाजूच्या पेट्या मात्र बोलत नव्हत्या. मामानं तिकडं लक्ष दिलं नाही, म्हणजे दिलं नाही असं दाखवलं.

"संध्याकाळपर्यंत असंच राहू द्या मॅडम," तो म्हणाला. "दिवस मावळला की सगळ्या आत येतील. मग माझा परवाना घ्या, मला आत टाका, काय करायचं ते करा."

मॅडम काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात खांबावरचा दिवा हिरवा झाला.

आधी कुणाला कळलंच नाही. मग ती गोड आवाजाची बाई बोलली. मामाच्या गाडीचा नंबर घेतला आणि म्हणाली, गाडी सोडली आहे, ताबडतोब फाटकाकडे या. वर कुणीतरी अखेर फोटो बघितला होता, पेट्या दिसल्या, संशय फिटला, बटण दाबलं. सकाळी दाबलं असतं तर या गोष्टीत सांगण्यासारखं काही नव्हतं.

"नाही," मामा म्हणाला. "आता नाही. निम्म्या माश्या बाहेर आहेत."

मॅडम धावत आत गेली, धावतच परत आली. "काका, हिरवा फार वेळ राहत नाही. तो गेला की गाडी परत पाठवतात आणि यंदाच्या हंगामात तुम्हाला पुन्हा नंबर मिळणार नाही. मी विचारलं. थांबवता येत नाही म्हणाले."

"मागं परत जाऊन काय खायला घालू त्यांना? दगड?"

"म्हणून तर सांगतेय. जा."

मामीनं पदर तोंडात धरला. "एक पेटी ठेवू इथं," ती म्हणाली. "एक ठेवली तर परत येणाऱ्या तिच्यात शिरतील. अहो, मी राहते तिच्यापाशी."

"पेट्या मोजलेल्या आहेत, मावशी," मॅडम म्हणाली. "एक कमी निघाली की पुन्हा लाल. आणि तुम्हीही मोजलेल्या आहात. गाडीत दोन माणसं लिहिलीत."

मामा गाडीवर चढला. त्याच्या डोक्यात काय आलं ते त्यालाही नीट ठाऊक नव्हतं. बरी गुणगुणत होती ती एक पेटी उघडली, आतली पोळ्याची एक चौकट उचलली, उन्हात धरून बघितली. तळाला अंडी होती, तांदळाच्या कणीएवढी. त्यानं ती चौकट सामानाच्या एका पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवली, चाकूनं खोक्याला भोक पाडलं आणि लंबूच्या केबिनशी जाऊन काच ठोठावली.

"उतर खाली."

"मी नाही!"

"पेट्या मोजतात रे, आतल्या चौकटी नाही मोजत. तुझी गाडी अजून लाल आहे, तू इथं संध्याकाळपर्यंत आहेस. माझी गाडी गेली की जिथं उभी होती तिथं उभा राहा. खोकं डोक्याच्या वर धर, पेट्यांच्या उंचीला. त्या परत येतील, घर शोधतील. यात शिरतील."

"मामा, मी मरेन रे."

"नाही मरणार. हलू नकोस, हात झाडू नकोस."

"त्या जातील ना आत? नक्की?"

"जातील," मामा म्हणाला. राणी नाही, नुसती अंडी आहेत, त्यातून त्यांनी नवी राणी वाढवली तर वाढवली, हे त्यानं सांगितलं नाही. एवढ्या माश्या त्या खोक्यात मावायच्या नाहीत हेही नाही सांगितलं. लंबूनंही विचारलं नाही. तो उतरला. सदऱ्याची गुंडी गळ्यापर्यंत लावली. त्यानं खोकं घेतलं आणि डोळे गच्च मिटले.

मामा आणि मामीनं उरलेल्या जाळ्या लावल्या. कापलेलं जाळं दोरीनं बांधलं. मॅडमनं टेबलाच्या खणातून नवं सील आणलं आणि स्वतःच्या हातानं ठोकलं. ठोकताना एक माशी तिच्या मनगटाला डसली. तिनं हात मागं घेतला नाही. "तोडलेलं मी बघितलं नाही," एवढंच म्हणाली, मामाकडं न बघता.

गाडी हलली.

मामानं बाजूच्या आरशात बघितलं. बघायचं नाही ठरवलं होतं, तरी बघितलं. मागं मैदानात गाडीच उभी होती. माश्यांची. जिथं पेट्या होत्या तिथं, तेवढ्याच उंचीवर, तेवढ्याच लांबी-रुंदीत माश्या हवेत जमत होत्या. पाणी घेऊन आलेल्या. दार जिथं असायला पाहिजे तिथं आत शिरायला बघत होत्या आणि शिरायला आत काही नव्हतं. त्या सगळ्याच्या मधोमध लंबू उभा होता, खोकं डोक्यावर, मानेपासून कोपरापर्यंत काळा झालेला. त्याचं तोंड हलत होतं. शिव्या देत असणार. पण जागचा हलत नव्हता.

पुढचा दांडा वर गेला. गाडी पलीकडं आली, मागं दांडा पडला आणि आरशात नुसती काच राहिली.

रस्ता सुरेख होता, नवा. वळण घेतलं आणि सूर्यफुलं सुरू झाली, दोन्ही अंगांना. गाडी थांबवायला बंदी होती, पाट्या लावलेल्या होत्या.

"शिरतील का हो त्या खोक्यात?" मामी म्हणाली.

"थोड्या."

"आणि भाऊजी?"

"उभा राहील तो."

मामा कान मागं ठेवून गाडी चालवत होता. त्याच्या बाजूच्या पेट्या, सकाळपासून उन्हात होत्या त्या, गप्प होत्या. इंजिनाचा आवाज आहे म्हणून ऐकू येत नसेल असं त्यानं स्वतःला सांगून बघितलं.

मामीनं तिच्या अंगाची काच खाली केली. डोकं बाहेर काढून मान मागं वळवली, केस तोंडावर आले.

"इकडच्या आहेत," ती म्हणाली. "ऐका. इकडच्या आहेत अजून."

मामानं मान डोलावली, आणि आपल्या अंगाची, गप्प पेट्यांकडची काच वर घेतली.